गठ्ठा, गुण आणि अभिप्राय

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. अमरावती

ग्रंथालयाचा माणूस दुपारी कथांचा गठ्ठा देऊन गेला. विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांसाठी खुली स्पर्धा, कथा तीन हजार शब्दांपर्यंत, वयाची अट नाही. आम्ही तिघं परीक्षक. यवतमाळकडचे एक कादंबरीकार, त्यांना सगळे भाऊच म्हणतात. नागपूरचे एक दिवाळी अंकाचे संपादक, ते आम्हा दोघांचेही सर. आणि मी, जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलेली.

आज संक्रांत. १९२३ साली याच सणाला, याच अमरावतीत विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. तेव्हा हा सगळा भाग मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या कारभारात होता. मराठी आणि हिंदी जिल्हे एकत्र. आपलं लेखन आपल्या माणसांत वाचलं जावं, त्यावर कुणी बोलावं, ही भूक इथं तेव्हापासून आहे. आज पुस्तकं छापणं सोपं झालं, पण लिहिलेलं कुणीतरी शेवटपर्यंत वाचेल याची खात्री मिळणं अजून सोपं झालेलं नाही. म्हणून माणसं स्पर्धेला कथा पाठवतात. बक्षिसाची रक्कम त्यांच्या लेखी दुय्यम असते.

गठ्ठा चाळला. काही कथा स्वच्छ टाइप केलेल्या, बऱ्याचशा फुलस्केपवर हाताने लिहिलेल्या. एकीच्या समासात शाईने केलेल्या इतक्या दुरुस्त्या आहेत की तिच्या लेखकाने ती किती रात्री जवळ बाळगली असेल ते कळतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

वाचनाची शिस्त ठरवली. सकाळी ताज्या डोळ्यांनी थोड्याच कथा वाचायच्या. रात्री दमल्यावर वाचलेल्या कथेला गुण द्यायचे नाहीत. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायची. लागोपाठ दोन चांगल्या कथा आल्या तर मध्ये थांबायचं, कारण दुसरीवर पहिलीची सावली पडते. आणि पहिल्या पानावर कंटाळा आला तरी शेवटचं पान गाठायचंच. नव्या माणसाची कथा बरेचदा तिसऱ्या पानावर सुरू होते. आधीची दोन पानं तो धीर गोळा करत असतो.

गुणपत्रिकेत पाच रकाने आहेत: आशय, पात्रचित्रण, मांडणी, भाषा, शुद्धलेखन. पहिले चार मला समजतात. पाचव्याबद्दल ग्रंथालयाला विचारायला हवं. बोलीत लिहिलेल्या कथेचं शुद्धलेखन कुठल्या नियमाने तपासायचं?

२० जानेवारी, सोमवार

कथांवर नावं नाहीत, फक्त क्रमांक. ग्रंथालयाने वरचं नावाचं पान काढून कुलुपात ठेवलं आहे. तरीही एका कथेच्या शेवटी लेखकाच्या शाळेचा शिक्का राहून गेला होता. एका ईमेलच्या फाइलला लेखकाचंच नाव होतं. दोन्ही कथा न वाचता परत पाठवल्या आणि ओळख झाकून पुन्हा मागवल्या.

नाव झाकण्याचं मोल काय, हे मराठीत एका स्पर्धेने कायमचं दाखवून दिलं आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. जयंत नारळीकर तेव्हा जगात नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपलीच आद्याक्षरं उलट्या क्रमाने लावून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठी विज्ञानकथेला तिचा मोठा लेखक मिळाला.

या प्रसंगात लोकांना नारळीकरांचा विनय दिसतो, आणि तो आहेच. मला त्यात त्या परीक्षकांचाही मोठेपणा दिसतो. कुठल्याशा जगतापांची कथा त्यांनी मन लावून वाचली आणि पहिली ठरवली. नामवंताने नाव झाकलं तर आपण त्याचं कौतुक करतो. पण मेळघाटातल्या एखाद्या मुलीला झाकायला नावच नसतं. तिलाही तेवढंच लक्ष मिळालं, तरच नाव झाकण्याला अर्थ आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

गठ्ठ्यात शेतकरी आत्महत्येच्या कथा खूप आहेत. दुसरं काही अपेक्षितही नव्हतं. विदर्भात हा प्रश्न ज्या घरांत शिरला नाही, त्यांच्या शेजारच्या घरात तो शिरलेला आहे. बऱ्याच कथांचा शेवट सारखा: पाऊस जातो, भाव पडतो, बँकेची नोटीस येते, आणि शेवटच्या ओळीत झाड आणि दोर.

अशा कथा वाचताना परीक्षकाने दोन गोष्टी मनाशी घट्ट धराव्यात. विषय तोच आहे म्हणून कथा शिळी होत नाही. दुःख पुन्हा पुन्हा घडतं आहे तोवर ते पुन्हा पुन्हा लिहिलं जाणारच. आणि विषय मोठा आहे म्हणून कथा आपोआप मोठी होत नाही. कथेने आपल्याला आधी न दिसलेलं काय दाखवलं, एवढंच विचारायचं.

प्रवेशिका क्रमांक ४१ ने ते दाखवलं. तिची सुरुवातच मृत्यूनंतर होते. सरकारकडून मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण आधी ‘पात्र’ ठरावं लागतं. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असायला हवं आणि त्याचा कागद हवा. कथेतल्या बाईच्या नवऱ्याने बिनपरवाना सावकाराकडून पैसे उचललेले. कागद नाही, म्हणून प्रकरण अपात्र. तेव्हा नवरा कर्जात होता याचा पुरावा मागायला ती त्याच सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसते. तो लिहून देणार नाही, कारण लिहून दिलं तर तोच गुन्ह्यात सापडतो. दोघं समोरासमोर बसून राहतात आणि मधे घरातली बाई चहा आणून ठेवते.

कथेत कुणी रडत नाही. लेखकाला तहसील कचेरीचा व्हरांडा माहीत आहे, तलाठ्याची बोलण्याची रीत माहीत आहे, आणि विधवेने कुणाच्या ओट्यावर कुठे बसायचं याचे गावातले नियमही माहीत आहेत. वाचून झाल्यावर मी आज दुसरी कथा हाती घेतली नाही.

२९ जानेवारी, बुधवार

ज्याची काळजी होती तेच झालं. सरांनी सहज फोनवर सांगितलं की ४१ ला शुद्धलेखनात त्यांनी दहापैकी तीन दिले आहेत. कथेतली माणसं वऱ्हाडी बोलतात. ‘डोळा’चा ‘डोया’, ‘शाळे’ची ‘शाया’, ‘मला’चं ‘मले’. सर मूळचे पुण्याचे, मनाने अत्यंत सरळ. समोरच्या रकान्यात जे विचारलं होतं त्याचं त्यांनी उत्तर दिलं. दोष रकान्याचा आहे.

मग आम्ही तिघांनी मिळून ग्रंथालयाला लिहिलं की हा रकाना काढा, किंवा त्याचा अर्थ बदला. बोलीलाही शिस्त असते आणि ती तपासता येते. तीच आजी एका पानावर ‘डोया’ आणि पुढच्या पानावर विनाकारण ‘डोळा’ म्हणत असेल, तर लेखकाचा कान सुटला आहे. शिकलेला मुलगा आईशी बोलताना वऱ्हाडी आणि साहेबाशी बोलताना पुस्तकी बोलत असेल, तर लेखकाचा कान जागा आहे. ४१ मध्ये बाई सावकाराशी एक बोलते, तलाठ्यासमोर अडखळत दुसरं. ही चूक नाही, हे पात्रचित्रण आहे. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली. तिच्यातली कौतिक जी बोली बोलते, तिला शुद्धलेखनाचा रकाना लावला असता तर मराठीने केवढं गमावलं असतं!

पण हाच न्याय मलाही लागू आहे. ६८ क्रमांकाची कथा झाडीबोलीत आहे, गडचिरोली-चंद्रपूरकडची. वऱ्हाडी माझ्या कानातली, झाडी नाही. म्हणून ब्रह्मपुरीकडच्या एका शिक्षकांना ती फोनवरून मोठ्याने वाचून दाखवायची विनंती केली. त्यांनी वाचली आणि कागदावर सपाट वाटणारे संवाद उठून उभे राहिले. लेखक झाडीपट्टीच्या नाटकांत वाढलेला असावा. तिकडे वडसा परिसरातल्या कंपन्या दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं करतात. तिथल्या लेखकाचा हात संवादावर बसलेला असतो. निवेदन थोडं बारीक राहतं. हे कळल्याशिवाय त्या कथेला न्याय देता आला नसता.

राष्ट्रकुल लघुकथा पुरस्कारात जगाचे पाच प्रदेश पाडतात आणि प्रत्येक प्रदेशातून एक परीक्षक घेतात. तत्त्व साधं आहे: त्या मातीचा एक तरी माणूस वाचणाऱ्यांत हवा. विदर्भासारख्या एका विभागाच्या स्पर्धेलाही ते लागू आहे. वऱ्हाड, नागपूर आणि झाडी, तिन्हीकडचे कान परीक्षकांत हवेत.

२ फेब्रुवारी, रविवार

काही कथा वाचताना हाताला काहीच लागत नाही. वाक्यं गुळगुळीत, परिच्छेद सारख्या उंचीचे, शेवटी एक सुविचार. गाव आहे, पण त्याला नाव नाही. शेत आहे, पण त्यात पीक कोणतं ते नाही. आजी आहे, पण तिच्या हाताला कसलाही वास नाही. भाऊंचं म्हणणं, या कथा यंत्राकडून लिहून घेतलेल्या आहेत, बाद करा.

मी त्याला तयार नाही. पुरावा नसताना एखाद्यावर असा आळ घेणं हा मोठा अन्याय होईल. अनेक मुलं पाठ्यपुस्तकातल्या निबंधांवर वाढतात आणि मनापासून असंच लिहितात. कथा कुणी लिहिली याचा तपास परीक्षकाने करू नये. कागदावर काय आहे ते पाहावं. ज्या कथेत एकही जागा, एकही माणूस, एकही निर्णय स्वतःचा नाही, तिला गुण कमीच मिळतात, मग ती कुणीही लिहिलेली असो. भाऊंना हे पटलं. पुढच्या वर्षीच्या नियमांत कथा स्वतः लिहिल्याचं लेखकाचं लेखी निवेदन घ्यावं, अशी सूचना आम्ही ग्रंथालयाला करणार आहोत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज ‘सत्यकथे’ची आठवण सारखी येते आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी त्या मासिकात आलेलं लेखन ज्या बारकाईने वाचलं, ती मराठीतली परीक्षणाची सगळ्यात मोठी शाळा. नव्या लेखकाला पत्र जायचं: कथा इथे थांबते, इथे भरकटते, हे पात्र अपुरं आहे, पुन्हा लिहून पाहा. नकारातूनही लेखक काही घेऊन उठायचा. १९८२ साली ते मासिक बंद झालं. ती पत्रं ज्यांना आली, त्यांनी ती आयुष्यभर जपली.

त्याच ‘सत्यकथे’ची १९६९ साली तरुण लेखकांनी मुंबईत होळी केली. लघुनियतकालिकांची ती पिढी होती, राजा ढाले त्यांत पुढे. इतकं मन लावून वाचणाऱ्या संपादकांच्या कक्षेतही काही आवाज येत नव्हते, हे त्यांचं म्हणणं होतं. तोवर दलित लेखक बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली येऊन गेला होता आणि मराठी कथेची जमीन हलली होती.

मला या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्याशा वाटतात. काळजीने वाचणं हा परीक्षकाचा पहिला धर्म. पण काळजीने वाचणाऱ्यालाही स्वतःच्या अभिरुचीचं कुंपण असतं, म्हणून एकटा परीक्षक कधी नसावा आणि तिघांची घडण एकसारखी नसावी. भाऊ शेती करतात, सर अंक काढतात, मी शिकवलं. आमचं पटत नाही तेव्हाच आमच्या असण्याचा उपयोग होतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोन सुरू झाले. एक जुना विद्यार्थी म्हणाला, “बाई, आमच्या वहिनींनी पण कथा पाठवली आहे, फक्त लक्ष असू द्या.” मी त्याला सांगितलं, लक्ष सगळ्यांवरच आहे, आणि क्रमांक सांगू नकोस. फोन ठेवल्यावर भाऊंना आणि सरांना ही गोष्ट कळवली. हीच रीत बरी: शब्द आला की तो तिघांचा करून टाकायचा. एकट्याच्या मनात राहिलेली शिफारस गुणांत उतरते, नाहीतर उलटून त्या बिचाऱ्या वहिनींच्या विरुद्ध जाते. दोन्ही अन्यायच.

१६ फेब्रुवारी, रविवार

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बैठक. सकाळी बसलो, संध्याकाळी उठलो.

आधी बेरीज मांडली आणि घोळ लक्षात आला. भाऊंनी गुण पस्तीसपासून नव्वदपर्यंत दिलेले. सरांचे सगळे पंचावन्न ते अडुसष्टच्या मधे. नुसती सरासरी काढली तर निकाल एकट्या भाऊंचा होतो, कारण त्यांच्या दोन कथांत चाळीस गुणांचं अंतर आणि सरांच्या त्याच दोन कथांत सहाचं. दोघंही प्रामाणिक, पण मोजपट्ट्या वेगळ्या. म्हणून गुण बाजूला ठेवले. प्रत्येकाने आपल्या पहिल्या दहा कथा क्रमाने लिहिल्या. तिन्ही यादींत असलेल्या कथा थेट चर्चेला. आणि एकाच्याच यादीत, पण अगदी वर असलेली कथा उरलेल्या दोघांनी तिथेच पुन्हा वाचायची. ज्या स्पर्धेत सगळ्यांना बरी वाटलेली कथा जिंकते आणि एकाला हलवून टाकणारी मागे पडते, तिथे धाडस करणारा लेखक पुन्हा कथा पाठवत नाही.

६८ अशीच वर आली. सरांनी संवाद मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “हे मी मनातल्या मनात वाचलं होतं, तिथेच चुकत होतं.” शेवटचा वाद ४१ आणि १७ यांच्यात. १७ नागपुरातल्या एका डिलिव्हरी करणाऱ्या मुलाची. रचना सुरेख, एकही शब्द जास्त नाही. सरांचं मत १७ ला, कारण ४१ चं शेवटचं पान सैल आहे. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ताई, ह्या माणसानं त्या बाईले रडवलं नाही. मले तं तेच लई मोठं वाटते.”

मी सांगितलं ते असं: १७ जे करायला निघते ते पूर्ण करते. ४१ जे करायला निघते ते कितीतरी अवघड आहे, आणि ते तिने बहुतेक साधलं आहे. सैल पान पुन्हा लिहून घट्ट होतं. सावकाराच्या ओट्यावरचा तो प्रसंग शिकवून येत नाही. पहिली ४१, दुसरी १७, तिसरी ६८. सरांनी आपलं वेगळं मत कार्यवृत्तात नोंदवायला सांगितलं. ते नोंदवलं. असं मत नोंदलं जायलाच हवं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दिल्लीत अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन सुरू आहे. अध्यक्ष तारा भवाळकर. लोकसंस्कृतीच्या आणि स्त्रियांच्या मौखिक परंपरेच्या अभ्यासक. ओव्या रचणाऱ्या बायकांना कुणी परीक्षक मिळाला नव्हता. त्यांच्या बाजूने उभं राहिलेलं हे नाव त्या पदावर पाहून मन भरून आलं.

मी इथे अभिप्राय लिहिते आहे. बक्षीस मिळालेल्यांनाच नव्हे, प्रत्येक कथेला निदान दोन ओळी, अशी अट आम्ही काम स्वीकारतानाच घातली होती. ‘प्रयत्न चांगला, लिहीत राहा’ हे कुणालाच लिहायचं नाही. त्यातून लेखकाच्या हाती काही पडत नाही. लिहिते ते असं: ‘थ्रेशरवर तूर काढण्याचा प्रसंग जिवंत आहे, कथा तिथूनच सुरू करून पाहा.’ ‘मुलीचा निर्णय वाचकाला कळतो, तिच्या आईला का कळत नाही ते दाखवा.’ ‘चार पात्रांपैकी दोन एकच काम करतात.’ प्रत्येक शेऱ्यात एक गोष्ट साधलेली आणि एक पुढे करायची. शेरा कथेवर, लेखकावर कधीच नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी निकाल जाहीर झाला. बंद पाकिटं आज फुटली. ४१ ची लेखिका वाशीम जिल्ह्यातली अंगणवाडी सेविका निघाली. तिची ही पहिलीच कथा. भाषण करायला सांगितलं तर एवढंच म्हणाली की ती बाई आमच्या गावाजवळची आहे आणि तिचं प्रकरण अजून अपात्रच आहे. सभागृहात बसलेल्या एका तहसील कर्मचाऱ्याने नंतर तिच्याकडून गावाचं नाव लिहून घेतलं.

बक्षीस न मिळालेलेही बरेच जण आले होते, अभिप्रायाचा कागद हातात घेऊन. एक मुलगा म्हणाला, “बाई, चार पात्रांतली दोन काढली. आता दाखवू का?” आता नाव झाकण्याची गरज नव्हती. त्याची कथा घेऊन आले.

१ मार्च, शनिवार

ग्रंथालयाला द्यायच्या सूचना आज लिहून काढल्या. जिथे जिथे अशा स्पर्धा होतात, तिथल्या सगळ्यांसाठी त्या इथेही नोंदवते.

आयोजकांनी परीक्षकांची नावं आधीच जाहीर करावीत आणि लेखकांची शेवटपर्यंत झाकावीत. परीक्षक तीन असावेत, वेगवेगळ्या घडणीचे, त्या विभागातल्या बोली जाणणारे. त्यांना वाचायला निदान महिनाभर द्यावा. शुद्धलेखनाचा रकाना काढून टाकावा. निकालाबरोबर परीक्षकांचं निवेदन छापावं, मतभेदांसकट.

लेखकांना एवढंच सांगायचं आहे: निकाल म्हणजे तीन वाचकांनी एका महिन्यात बनवलेलं मत. ते गंभीरपणे घ्या, पण शेवटचं मानू नका. कथा पुन्हा लिहा आणि दुसरीकडे पाठवा.

आणि परीक्षकांना विनंती: प्रत्येक कथा शेवटपर्यंत वाचा, आणि प्रत्येकीला कारण द्या. बक्षिसं तीनच देता येतात. कारण मात्र सगळ्यांना देता येतं, आणि पाठवणाऱ्या प्रत्येकाचा त्यावर हक्क आहे.